तुझ्या लेकीचं नाव

इंदू,

नळाला पाणी आलं की मी अजून तुझी घागर आधी लावतो. ती भरली की बाजूला सरकवतो आणि मग आमची. काल तुझी वैनी दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. तुला माती दिल्यापासून ती माझ्याशी बोलतच नाही, त्यामुळे त्यात नवं काही नव्हतं. पण तिनं ती घागर उचलली, तुझ्या खोलीच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवली आणि मग ते पाणी तुझ्या कढीपत्त्याला घातलं.

परवा तुझ्या शाळेत शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. मुलींनी प्रार्थना म्हटली, मग हेडबाई बोलल्या. चांगल्या बोलल्या. "इंदूबाईंनी आयुष्य मुलींना दिलं. स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितलं नाही," असं म्हणाल्या, आणि मागं कुणीतरी हुंदका दिला. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसलो. उठून सांगायला हवं होतं, की बाई, हे खरं नाही. तिनं मागितलं होतं. एकदाच, आणि माझ्याकडं. एका मुलीची आई व्हायचं होतं तिला, आणि त्यासाठी तिच्या थोरल्या भावानं एका माणसाला एक प्रश्न विचारायचा होता. बास, एवढंच.

ते मूल घरात का आलं नाही हे आपल्या गल्लीत, आपल्या पावण्यारावळ्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. मठातले स्वामी नको म्हणाले म्हणून. सगळ्यांना जे ठाऊक आहे ते खोटं आहे. तुला ठाऊक होतं का, हे मात्र मला आजही ठाऊक नाही, आणि तेच विचारायला आता तू नाहीस.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू शिक्षिकांच्या कसल्याशा शिबिराला पुण्याला गेली होतीस. बरोबरच्या बाईंच्या सोबतीनं सहज म्हणून एका संस्थेत गेलीस. आईबाप नसलेली तान्ही मुलं सांभाळायची ती संस्था. परत आलीस तेव्हा वैनी भाकरी थापत होती, मी जेवायला बसलो होतो. हातपाय न धुताच तू चुलीजवळ टेकलीस.

"वैनी, तिथं एक पोरगी आहे. पेज भरवत होते तिला. तोंडात घेतली आणि हे असं तोंड केलं बघ." तू करून दाखवलंस. एक डोळा बारीक, खालचा ओठ पुढं.

वैनीचा थापता हात थांबला. "अगं बया, ही तर अव्वा की!"

आपली आई ताकात मीठ कमी पडलं की अगदी असंच तोंड करायची. ती गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुला ते तोंड ठाऊक होतं कारण वैनीच तुला कडेवर घेऊन अव्वाची नक्कल करून दाखवायची. ती या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा तू पाळण्यात होतीस. तिचं पहिलं लेकरू तूच.

"मीठच नव्हतं त्या पेजेत," तू म्हणालीस. "मी सांगितलं त्यांना. चिमूटभर घातलं तर गप खाल्लं तिनं."

"कुणाची गं पोर?"

"कुणाची नाही. म्हणून तर." भाकरीचा तुकडा मोडून, आमच्या कुणाकडं न बघता तू म्हणालीस, "मी आणणार आहे तिला."

"शाळंत येवडी पोरं हायत, त्यांनी भागंना व्हय तुजं?"

"ती पाच वाजता घरी जातात, वैनी."

तव्यावरची भाकरी करपली. मी "बघू" म्हणालो. मिलमध्ये टाइमकीपर म्हणून मी जन्म काढला. भोंगा झाल्यावर फाटकाशी आलेल्या माणसाला आत जा किंवा परत जा म्हणणं मला कधी जड गेलं नाही. घरात मात्र मी आयुष्यभर बघूच म्हणत आलो.

आठवडाभर वैनी धुसफुसली. भांडी आपटली, शेजारणीला ऐकू जाईल असं देवाला बोलली. मग एका दुपारी बघतो तर ट्रंक उघडून बसलेली, मांडीवर अव्वाच्या जुन्या इरकली साड्या. मला बघून म्हणाली, "काय बघताय? नवं कापड टोचतं बाळाला. जुनंच लागतं, धुऊन धुऊन मऊ झाल्यालं." त्या दिवसापासून तुमच्या दोघींची तयारी सुरू झाली आणि मी माझ्याच घरात पावणा झालो.

दुपटी झाली. कुंची झाली, तिला वैनीनं काळ्या मण्यांची झालर लावली. गवळ्याला गायीचं दूध वेगळं आणायला सांगितलं. पलीकडच्या नरसम्मानं बाळाला न्हाऊ घालायचं काम आपणहून मागून घेतलं. तिच्या घरात दिवसभर माग चालायचा. "दुपारी माग बंद ठेवू काय गं इंदूबाई? पोरगी झोपंल कशी?" असं तिनं विचारलं तर तू म्हणालीस, "अजिबात नको. सोलापुरात राहायचं तर खटखटीत झोपता आलं पाहिजे तिला."

सुताराला बोलावून तुझ्या खोलीत माळवदाच्या तुळईला पाळण्यासाठी लोखंडी कडी बसवून घेतलीस. तो ठोकत होता तेव्हा वरची माती सगळी तुझ्या डोक्यावर पडली. तू तशीच खाली उभी राहून वर बघत होतीस, केस पांढरे, भुवया पांढऱ्या. "म्हातारी झालीस की गं," वैनी हसून म्हणाली. तू म्हणालीस, "होऊ दे. आईला म्हातारं व्हायला लागतंच."

मी हे सगळं बघत होतो आणि मलाही बरं वाटत होतं. हे खोटं नाही, इंदू. कडी घट्ट बसली की नाही बघायला मी स्वतः तिला लोंबकळलो होतो आणि तू ओरडली होतीस, "अण्णा, बाळाचं वजन बघायचंय, तुझं नाही!"

मग पुण्याच्या संस्थेतल्या बाई घर बघायला आल्या. तू सकाळपासून तीनदा साडी बदललीस. बाईंनी खोली बघितली, कडी बघितली, दूध कुठून येतं विचारलं. तू शाळेत गेल्यावर बाळाजवळ कोण, असं विचारलं तेव्हा वैनी पुढं झाली. "मी हाय की. हिला बी मीच वाढवलंय. बिघडली काय बघा हवं तर." बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडच्या रीतिरिवाजांत मुलीला काही अडचण यायची नाही ना? तुम्ही लिंगायत, म्हणून विचारते."

तू त्यांना समजावून सांगितलंस. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी घरी येतात आणि त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. चांदीच्या डबीत घालून, दोऱ्यात ओवून. ते बांधलं की मूल घराचं झालं. आणि माणूस गेलं की तेच लिंग त्याच्या तळहातावर ठेवून त्याला मातीत बसवतात. मधलं सगळं आयुष्य ते छातीशी.

"मग तुमचे स्वामी या मुलीला बांधतील?"

"विचारणार आहोत," तू म्हणालीस, आणि माझ्याकडं बघितलंस.

बाई गेल्यावर तू आत गेलीस आणि एक पुडी घेऊन आलीस. कागद उलगडून दाखवलास. एवढीशी चांदीची डबी होती, बोराएवढी. सराफाकडून करवून घेतली होतीस.

"कधी केलीस गं?" मी विचारलं.

"झाला की महिना."

आता मी जे कारण लिहितो ते मी कुणाशीच बोललेलो नाही. पुढं मी जे केलं ते मंगलच्या लग्नासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. धाकट्या लेकीचं स्थळ मंगळवेढ्याकडं बघत होतो, मंडळी जुन्या वळणाची होती, आत्यानं कुणाचं मूल आणलंय ते विचारतील ही भीती होतीच. पण ती भीती मी रेटली असती. ती डबी मात्र माझ्या डोळ्यांत खुपली. अव्वा गेल्यावर तुझ्यासाठी पहिली पाटी मी आणली. तुझं लग्न मी ठरवलं. तुझं कुंकू पुसलं गेलं तेव्हा तुला परत आणायला मी गेलो, शिक्षिकेच्या परीक्षेला मीच बसवलं. बांगडीसुद्धा तू मला दाखवून घ्यायचीस. आणि ही डबी तू मला न विचारता केलीस, महिनाभर पेटीत ठेवलीस. मला वाटलं, हिचं आता वेगळं घर झालं, माझ्याच घरात. कुठल्या बापाला लेकीचं वेगळं घर झाल्याचं दुःख होतं? मला झालं. भाऊ असून मी तुझा बाप होऊन बसलो होतो, आणि बापाला जे जमायला पाहिजे तेच मला जमलं नाही.

स्वामींना विचारायचं ते घरातल्या कर्त्या पुरुषानं, नारळ घेऊन, ही आपली रीत. स्वामींनी नारळ उचलला की आमंत्रण घेतलं. म्हणून तू माझ्याकडं मागितलंस. चुलीजवळ बसून, ताट पुढं न ओढता.

"अण्णा, तू जा मठात. मोकळेपणानं विचार. ते नाही म्हणाले तर मी तिला आणणार नाही."

"का? एवढं सगळं केलंयस की."

"ती आली तर पुरी आली पाहिजे. पंक्तीत सगळ्यांबरोबर, जत्रेत सगळ्यांबरोबर. मी नसले तरी या घरात तिला कुणी, तू कोण, असं विचारायला नको. मला तिला दारात उभं ठेवायचं नाही." मग तू हसलीस. "जावळ तुझ्या मांडीवर काढायचंय. मामा आहेस तू. मांडी दुखते म्हणायचं नाही."

"आणि नाव काय ठेवणार?" मी विचारलं होतं.

"ते आधी सांगायचं नसतं. बारशाला वैनी सांगेल तिच्या कानात. तोपर्यंत तुझ्या कानाला काम नाही."

सोमवारी मी अक्कलकोटच्या एसटीनं निघालो. फाट्यावर उतरून मठापर्यंत चालत गेलो. पिशवीत नारळ होता. स्वामी लिंबाखाली बसले होते, समोर एक शेळी उलटी धरून तिच्या खुरातला काटा काढत होते. मला बघून म्हणाले, "शिवाप्पा, जरा पाय धर हिचा." मी धरला. काटा निघाला, शेळी पळाली, आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी हात धुतले, गूळ-शेंगा पुढं केल्या. पावसाचं बोललो. मिलचं बोललो. मंगलच्या स्थळाचं सांगितलं.

"आणि इंदू? बरी आहे?"

"बरी आहे, स्वामी."

"अजून काही?"

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. पिशवी माझ्या मांडीवर होती. नारळ हाताला लागत होता.

"नाही. सहज आलो."

"एवढ्या उन्हाचा सहज?" ते हसले. "बरं. शेंगा घेऊन जा घरी."

फाट्यावर एक लहानसं देऊळ आहे. परत येताना तिथं मी नारळ ठेवला, पिशवीत दिसू नये म्हणून. म्हणजे एसटीत बसायच्या आधीच माझं ठरलेलं होतं. गाडीत बसल्यावर सुचलं, असं मी म्हणू शकत नाही.

तू ओट्यावर उभी होतीस. मी चप्पल काढली आणि म्हणालो, "नाही म्हणाले."

तू पदर खोचून घेतलास. मग म्हणालीस, "काय शब्दांत म्हणाले?"

हे विचारशील असं मला वाटलं नव्हतं. तिथल्या तिथं शब्द जुळवले. "म्हणाले, ज्याचं मूळ ठाऊक नाही त्याच्या गळ्यात शिवाला कसं बांधायचं?"

"शिवाचं मूळ ठाऊक आहे का त्यांना?" तू म्हणालीस.

वैनी आतून आली. तिनं आधी तुझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग माझ्या. तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस, शेंगा सुपात ओतल्यास. "नारळ घेतला त्यांनी?"

"घेतला."

"नाही म्हणायचं होतं तर नारळ कसा घेतला?"

इंदू, नारळाची ही रीत मी बोलताना विसरलोच होतो. मी म्हणालो, "म्हातारे झालेत आता. राहत नाही ध्यानात."

स्वामी माझ्याच वयाचे. तू माझ्याकडं बघत राहिलीस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण नरसम्माचा माग त्या वेळात थांबला आणि परत सुरू झाला. मग तू सुपातल्या शेंगा निवडायला घेतल्यास आणि म्हणालीस, "बरं."

मी भांडणाची वाट बघत होतो. खरंच बघत होतो. तू रडशील, उद्या सकाळी स्वतः मठात जाशील, स्वामींच्या पुढं उभी राहून जाब विचारशील, आणि माझं खोटं तिथं पडेल. मग मी दोन शिव्या खाईन, आणि पोरगी घरी येईल. तू मला पकडावंस असं मला वाटत होतं. तू पकडलं नाहीस.

तू पुण्याला कळवलंस. दुपटी नरसम्माच्या सुनेला दिलीस, तिला तेव्हा दिवस गेले होते. कुंची वैनीनं दिली नाही, ती कुठं ठेवली आहे हे मी विचारलेलं नाही. पुढं कधीतरी पुण्याच्या बाईंकडून तुला समजलं की मुलगी नागपूरकडच्या एका चांगल्या घरी गेली. जेवताना सांगितलंस. वैनी म्हणाली, "बरं झालं." तू म्हणालीस, "तिकडं ऊन फार. आणि पेजेत मीठ घालायचं सांगितलं असेल का कुणी त्यांना?"

त्यानंतर तू मठात पाऊल टाकलं नाहीस. जत्रेला सगळं घर जायचं, तू शाळेच्या वह्या काढून बसायचीस. मंगलच्या लग्नात स्वामी आले तर तू आतल्या खोलीत आहेराची ताटं लावत राहिलीस. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "शिवाप्पा, इंदू येत नाही. आमचं काही चुकलं का रे?" मी म्हणालो, शाळेचं काम फार असतं. दुसऱ्यांदा सोपं करून दिलेलं मी दुसऱ्यांदा टाळलं.

तू स्वामींवर रागावलीस असंच मी धरून चाललो. आता दुपारी ओट्यावर एकटा बसतो तेव्हा वेगळंच मनात येतं. नारळाची रीत तुला माझ्याहून चांगली ठाऊक होती. तुला तेव्हाच कळलं असेल का? तू मठात गेली असतीस तर स्वामींनी तोंड उघडताच मी उघडा पडलो असतो, गावासमोर, होणाऱ्या व्याह्यांसमोर. तू न जाऊन मला झाकत होतीस का? आणि मुलीला दारात उभं ठेवायचं नाही म्हणाली होतीस. ते दार मठाचं नव्हतं, माझं होतं, हे शेंगा निवडता निवडता तुझ्या ध्यानात आलं असेल का? तसं असेल तर तुझ्या त्या "बरं"चं ओझं मला पेलवत नाही. आणि तसं नसेल, तू खरंच एका भल्या माणसाला दोष देत गेली असशील, तर तेही पेलवत नाही.

कडीवरून आपण भांडलो तेवढं एकच भांडण. मी म्हणालो, काढून टाकू, उगाच डोक्याला लागेल. "कुणाच्या?" तू म्हणालीस. "माळवदाला टेकणारं डोकं आहे कुणाचं या घरात?" एकदा मी तिला लसणाची माळ अडकवली. संध्याकाळी माळ स्वयंपाकघरात, खुंटीला. चार दिवस तू भाजीत लसूण घातला नाहीस. त्या कडीला तू कधी काही टांगलं नाहीस, आणि कधी गंजू दिलं नाहीस. दिवाळीच्या आधी तिला तेल लागायचं.

आणि या सगळ्यात तू मला किती सांभाळलंस. मिलची नोकरी सुटल्यावरही मी भोंग्याच्या वेळेला उठून, शर्ट चढवून, जायला जागा नाही म्हणून ओट्यावर बसायचो. तू म्हणालीस, "अण्णा, मला शाळेपर्यंत सोबत लागते, रस्त्यावर कुत्री फार झालीत." कुत्री नव्हती. पण रोज मी तुला पोचवायला आलो, आणि तू रस्ताभर मला वर्गातल्या मुलींच्या गमती सांगितल्यास. माझ्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा रोज पेपर वाचून दाखवलास, मृत्यूच्या बातम्या गाळून. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. डोळे झाकलेले होते, तुझं तोंड दिसलं नसतं. मनात यायचं, आणि मी म्हणायचो, "पुढचं पान वाच."

तुझ्या मातीला स्वामी आले. निरोप मिळताच आले, कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून. तुला बसवलं होतं, विभूती लावली होती. लिंग तळहातावर ठेवायला त्यांनी तुझ्या गळ्यातला दोरा सोडवला आणि थांबले. दोऱ्यात दोन डब्या होत्या. एक तुझी. दुसरी बोराएवढी.

त्यांनी ती हलवून बघितली. रिकामी होती. "ही कुणाची?"

वैनी माझ्याकडं बघत होती. तुला न्हाऊ घालताना तिनं ती पाहिली असणार. त्या दिवशी ओट्यावर जसं तिनं आधी तुझ्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं होतं, तसंच बघत होती, फक्त आता बघायला मी एकटाच होतो.

मी सांगितलं. तिथंच, खड्ड्याच्या काठावर, खोरी घेऊन उभ्या माणसांसमोर. शेळीचा पाय, पिशवी, नारळ, सगळं. तुला सांगितलेले ते शब्दही सांगितले.

स्वामींनी ती छोटी डबी मुठीत धरली. मग म्हणाले, "तुला बरं वाटेल असं सांगू, का खरं सांगू?"

"खरं सांगा."

"बांधलं असतं. तू पुरतं विचारायच्या आधी नारळ उचलला असता." त्यांनी डबी माझ्यापुढं धरली. "माझ्या तोंडात जे घातलंस ते मी जन्मात कुणाला बोललो नाही, शिवाप्पा. ते तूच घातलंस, तूच काढून घे. जिथं जिथं पोचलंय तिथून."

म्हणून हे लिहितो आहे, आणि हेडबाईंना देणार आहे. शाळेच्या अंकात तुझ्यावर चार ओळी हव्या आहेत त्यांना. या चार ओळी नाहीत, पण याच छापा म्हणणार आहे. स्वामी नाही म्हणाले नव्हते. इंदूनं स्वतःसाठी मागितलं होतं. मीच विचारलं नाही.

एवढं होऊनही स्वामींनी ती छोटी डबी बाजूला ठेवली नाही. चिमूटभर विभूती तिच्यात घातली आणि मला विचारलं, "पोरीचं नाव काय ठेवणार होती?"

मला सांगता येईना. मामा मी, आणि मला नाव ठाऊक नव्हतं. तेवढ्यात वैनी पुढं आली. तिनं पदर तोंडाशी धरला, स्वामींच्या कानाशी वाकली आणि सांगितलं. स्वामींनी मान हलवली. तुझ्या उजव्या हातात ती डबी ठेवली, तुझी बोटं मिटली, आणि त्या मिटल्या मुठीशी वाकून काही पुटपुटले. मी चार हातांवर होतो. ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर मी वैनीला विचारलं. ती चुलीपुढं बसली होती. वर न बघता म्हणाली, "त्ये तिच्या कानात सांगायचं हुतं. तुमच्या न्हाई." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

मी परत विचारलेलं नाही, विचारणारही नाही. पण सकाळी ती कढीपत्त्याला पाणी घालताना एकटीच काहीतरी पुटपुटते. कुणाला तरी हाक मारल्यासारखं. मी नळाशी असतो. पाण्याच्या आवाजात नीट कळत नाही म्हणून मी नळ बंद करतो, आणि नळ बंद झाला की ती थांबते.